आंब्याखालची पेंढी

"आई, आता पुरे" हे तीन शब्द प्रमोदने वास्कोला बसमध्ये चढतानाच पाठ केले होते. झुआरीच्या पुलावर ते चांगले कडक होते. पणजीच्या स्टँडवर गाडी बदलताना त्यांना जरा ऊन लागलं. डिचोलीत चहा पिताना ते कोमट झाले, आणि लाटंबार्सेच्या फाट्यावर उतरून चढाची वाट धरली तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "आई". बाकीचे दोन वाटेत काजूच्या बागेत घरंगळले असावेत. कोणाला सापडले तर त्यांनी वास्कोच्या पत्त्यावर पाठवावेत.

रत्नाबाई पायरीवर बसून विळ्याला धार लावत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण दगडावर विळा असा फिरत होता की परसातली कोंबडी लांबूनच वळसा घालून गेली.

"ये," ती मान वर न करता म्हणाली. "तुझ्या आधी अनिल आलाय. त्याच्या आधी त्याचा कागद आलाय. आता तू काय आणलंयस?"

प्रमोदच्या मागून सुप्रिया चढ चढून आली आणि सासूच्या पाया पडली. "आत्या, पाव आणलेत. वास्कोचे. गरम निघाले होते, आता नाहीत." सासूला आत्या म्हणायची कोल्हापूरकडची रीत या घरात टिकली होती. कोल्हापूर सुटून चोपन्न वर्षं झाली, तरी.

पडवीत अनिल खुर्चीवर बसला होता. मांद्र्याला त्याची सात खोल्यांची पाहुणेशाळा. समुद्राच्या वाऱ्याने माणूस तुकतुकीत होतो तसा तो झाला होता. समोर स्टुलावर नकाशा पसरलेला आणि नकाशा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर आईचीच चार कोकमं ठेवलेली.

"दादा, बघ. वर नऊ कॉटेजेस. खाली गाड्या. आणि चर्च आहे तसंच ठेवायचं, लोकांना तसलं आवडतं. फलकही रंगवून घेतलाय, ‘रत्नाबाईंचा मळा’. आईचं नाव राहिलं ना?"

"नाव दगडावर पण राहतं," रत्नाबाई म्हणाली. "तुझ्या बापाचं हाय की तिकडं, सिमेंटात."

आता हा मळा कसा झाला हे लाटंबार्सेत ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल, आणि सगळेच खरं सांगतील. रत्नाचा नवरा केरबा खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून आला तेव्हा रत्ना वीस वर्षांची होती. डोंगराच्या कुशीतला हा तुकडा कोणालाच नको होता. जांभा इतका कडक की नांगर टेकवला तर नांगरच माफी मागायचा. रत्नाने पहारीने चिरे उचकटले, बांध घातले, वरच्या झरीचं पाणी हाताने खोदलेल्या पाटाने खाली आणलं. पहिल्या वर्षी भात आलं दोन टोपल्या, त्यातली एक चिमण्यांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी गवा आला. केरबा झाडावर चढला. रत्ना बांधावर उभी राहिली आणि तिला येणारं एकुलतं एक गीत तिने सहाच्या सहा कडव्यांसकट म्हटलं. गव्याने तिसऱ्या कडव्यापर्यंत दम धरला. अजूनही त्या डोंगरावरचे गवे रविवारी सकाळी चर्चच्या बाजूने जात नाहीत म्हणतात.

चर्चही तिचंच. खाणीवर आणि कारखान्यांत कोल्हापूर-बेळगावहून आलेली मराठी ख्रिस्ती माणसं चार-दोन घरं मिळून काजूखाली उपासना करायची. रत्नाने पाया खणला, चिरे वाहिले, आणि घंटा परवडेना म्हणून मोडक्या ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम चर्चच्या दारातल्या आंब्याच्या फांदीला टांगली. पहिल्या प्रभुभोजनाला द्राक्षरस मिळेना म्हणून तिने काजूच्या बोंडांचा ताजा रस, नीरो, काढला. पाहुणे पाळक दुपारच्या उपासनेला पोचले, तोवर नीरो ताजा राहिला नव्हता. त्या दिवसाचा उपदेश दीड तास चालला आणि लोकांना तो फार आवडला.

तेव्हापासून मंडळीची एक रीत पडली. ऑक्टोबरात कापणीच्या सणाला शेतातली पहिली पेंढी चर्चमध्ये आणायची, पाळकाने ती देवापुढे ओवाळायची, मगच बाकीच्या भाताला विळा. आणि ज्याच्या हातात पहिली पेंढी, त्याच्या हातात शेत. हे वाक्य केरबाचं. केरबा गेला त्या वर्षी मंडळीचे पंच म्हणाले, पेंढी बाईने कशी आणायची, वास्कोहून थोरल्याला बोलवा. रत्नाबाईने वाद घातला नाही. ती पेंढी घेऊन दाराबाहेर उन्हात उभी राहिली आणि आतल्या गीतांच्या वर आपलं गीत लावलं. चौथ्या गीताला आतले गप्प झाले. पाचव्याला पाळकांनी दार उघडलं. ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून पेंढी तिचीच.

"आई," प्रमोद म्हणाला. एवढा शब्द शाबूत होता. मग त्याने धीर करून उरलेले दोन कुठूनतरी गोळा केले. "आता पुरे."

विळा थांबला.

"काय पुरे?"

"हेच. एकटी राहतेस. परवा बांधावरून घसरलीस—"

"बसले. घसरले न्हवं, बसले. दमलं की माणूस बसतं."

"दोन तास बसलीस! नारायणकाकांनी फोन केला तेव्हा आम्हाला कळलं. आता वास्कोला चल. खोली तयार आहे. या वर्षी पेंढी मी आणतो, पंचांशी बोललोय. पुढचं आम्ही दोघं बघू."

"पुढचं म्हणजे ही कोकमं ठेवलेला कागद?"

अनिल हसला. "आई, भातात काय आहे गे? डुकरं खातात, उरलेलं तू खातेस."

"डुकरं तरी न चुकता येतात," रत्नाबाई म्हणाली.

सुप्रिया आत चहा टाकत होती. तिचा हात पातेल्यावर थांबला, कारण सासूचा पुढचा आवाज फारच मऊ होता, आणि तो मऊ आवाज तिने सत्तावीस वर्षांत तीनदाच ऐकला होता. तिन्ही वेळा कोणीतरी हरलं होतं.

"बरं," रत्नाबाई म्हणाली. "उद्या उजाडताना तू जा. एकटा. आपल्या शेतातली पहिली पेंढी काप आणि चर्चमध्ये आण. आणलीस की शेत तुझं. मग त्यात भात लाव, न्हाईतर कॉटेजी लाव. मी तुझ्यासंगं वास्कोला येते, बोचकं बांधून."

"खरंच?"

"देवाच्या दारात आजवर खोटं बोलले न्हाई. ही पडवी हाय, पण इथनं त्याला ऐकू जातं." तिने विळा उलटा धरून मूठ त्याच्याकडे केली. "धर. बोट सांभाळ."

प्रमोदला वाटलं, किती सोपं होतं. उगाच पाठ केलं.

*

सुप्रिया न्हाणीघराच्या दाराशी उभी होती तेव्हा प्रमोद परत आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, केसांत दव, कडेवर मूल घ्यावं तशी पेंढी घेतलेली. डोळे लाल. तो रडला होता हे तिला लगेच कळलं आणि तिला त्याची मायाही आली.

"सुप्रिया, शेतातला तो आंबा तसाच आहे गं," तो म्हणाला. "त्याच्या बुडाशी अजून बाबांनी ठोकलेला खिळा आहे. मी सात वर्षांचा होतो. तिथेच त्यांनी माझ्या हातात विळा दिला होता."

आंबा. सुप्रियाने त्याच्या बाहीकडे बघितलं. बाहीभर लांब पिवळी कुसळं टोचून बसली होती. पेंढीतल्या प्रत्येक दाण्याला तसलंच कुसळ.

आत्याच्या भाताला कुसळ नसतं. आत्या ज्योती लावते, गुळगुळीत दाण्याची. कुसळाचं जुनं बियाणं शेजारच्या नारायणकाकांचं. डुकराच्या तोंडाला टोचतं म्हणून ते तेच लावतात. आणि आंब्याखालचा कुणगा, म्हणजे तो भाताचा तुकडा, तीन वर्षांपासून नारायणकाकांकडे होता. त्यांचे गुडघे गेले, वरच्या झरीकडच्या आपल्या कुणग्यापर्यंत त्यांना चढवेना. तेव्हा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असलेल्या रत्नाबाईने सांगितलं, "तू खालचा घे, वरचा मी घेते." कागद नाही, पंच नाही, दोन कप चहात दोन कुणग्यांची अदलाबदल. आत्याने हे फोनवर सांगितलं होतं. दर शनिवारी फोन यायचा, सुप्रिया तो मोठ्या आवाजावर ठेवायची, आणि प्रमोद पेपरामागून "हं" म्हणायचा.

तिने तोंड उघडलं. उपासनेला अजून तासभर होता. पळत गेला तर वरच्या कुणग्यातून दुसरी पेंढी कापून आणता आली असती. मग शेत त्याचं. मग नऊ कॉटेजेस. मग आत्या वास्कोच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून बंदरातल्या क्रेन मोजत.

पण नवराही तिचाच होता. भर चर्चमध्ये त्याचं तोंड उतरलेलं तिला बघायचं नव्हतं.

"अहो, ही पेंढी तुम्ही—"

"तू जाऊन साडी नेस," प्रमोद पेंढी झटकत म्हणाला. "शेतातलं तुला काय कळतंय?"

"बरं," सुप्रिया म्हणाली.

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने हजारो ‘बरं’ म्हटले होते. हा त्यातला सगळ्यात छोटा होता.

चुलीपाशी आत्या भाकरी थापत होती. प्रमोद पडवीत पेंढीला लाल फीत बांधत होता आणि अनिल त्याचा फोटो काढत होता. आत्याने दारातून एकदाच तिकडे बघितलं. मग सुनेकडे. पिठाचा हात तसाच परातीत राहिला.

"तू बोललीस त्याला?"

"बोलायला लागले होते."

"मग?"

"मला काय कळतंय, म्हणाले."

आत्याने भाकरी तव्यावर टाकली. "माझा नवरा पण असाच होता," ती म्हणाली. "त्या गव्याच्या दिवशी मी आधी सांगितलं होतं, खुरं दिसतायत. म्हणाला, ती म्हशीची हायत." भाकरी टम्म फुगली. "जुनी साडी नेस गो. चिखलाचं काम निघंल."

*

पाळक तुषारला या मंडळीत येऊन आठ महिने झाले होते. तरणा माणूस, सगळं शिस्तीत करणारा. उपासनेचा क्रम त्याने छापून आणला होता: गीत, प्रार्थना, प्रथमउपज, गीत, उपदेश. पंचांनी त्याला सांगितलं होतं की इथे फक्त रत्नाबाईंना सांभाळा, बाकीचं देव सांभाळतो.

बाकं भरली होती. खिडक्यांना केळीचे घड, वेदीपाशी भोपळे, सुरण, कणगरं, नारळ. शेवटच्या बाकावर दरवर्षीप्रमाणे शेजारचे नारायणकाका येऊन बसले होते, टोपी गुडघ्यावर. हिंदू माणूस, पण गेली तीस वर्षं कापणीच्या सणाला न चुकता हजर. गीतांना ते ताल धरत आणि प्रार्थनेत सगळ्यांच्या आधी डोळे मिटत.

तिसऱ्या क्रमाला प्रमोद पुढे आला. तुषारने दोन्ही हातांनी पेंढी घेतली आणि कुसळं त्याच्या झग्याच्या गळ्यातून आत शिरली. खाजेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकांना केवढा गहिवर आलाय, असं पहिल्या तीन बाकांना वाटलं. तो पेंढी ओवाळण्यासाठी वर उचलणार तोच शेवटच्या बाकावरून एक खोकला आला. लांब, दुःखी, शेजारधर्माचा खोकला.

"थांबा, पाळकसाहेब," रत्नाबाई उभी राहिली.

"बाई, उपासनेचा क्रम..."

"क्रम कागदावर हाय, तो कुठं पळतोय व्हय? प्रमोद, ही कुठनं कापलीस?"

"कुठून म्हणजे? आपल्या कुणग्यातून. आंब्याखालून."

चर्चमधलं एकेक डोकं मागे वळलं. नारायणकाका टोपीची शिवण बघत होते.

"नारायण, ऊठ."

"ऱ्हवांदे गो, रत्नाबाय," नारायणकाका अर्धवट उठत म्हणाले. "माझां भात काय नि तुझां काय. देवाकच गेलां मां?"

"अजून गेलं न्हाई. पाळकांच्या हातात लोंबकळतंय. तुझ्या राखणदाराला नारळ पोचला?"

नारायणकाका अगदी हळू म्हणाले, "मंगळवारी ठेवतलंय."

बाकांवरून एक चुकचुकाट गेला. यातल्या एकाही माणसाने राखणदाराला कधी हात जोडले नव्हते. पण बांधाच्या त्या देवाला नारळ पोचायच्या आत शेजाऱ्याच्या उभ्या भाताला विळा लावायचा नसतो, हे पोरासोरांनाही माहीत होतं. सगळ्या वाडीत तो नियम होता आणि वाडीत हेही होते.

अनिल पुढे आला. "आई, पेंढी आणायची ठरलं, दादाने आणली. शब्द म्हणजे शब्द."

"तेच तर मी म्हणते. आपल्या शेतातली, असा शब्द होता. त्यानं आंब्याखालचा कुणगा कापलाय, तर त्यानं तो नारायणाकडं मागावा. काय रं नारायण, लावशील काय तुझ्या भातात नऊ कॉटेजी?"

"माझे गुडघे चढणत नाय," नारायणकाका म्हणाले, "कॉटेजी खंय चढवू?"

हसू फुटलं. प्रमोदचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. "मला कोणी सांगितलंच नाही!"

"सांगितलं," तिसऱ्या बाकावरून सुप्रिया उठली. "तीन वर्षांपूर्वी, फोनवर. तुम्ही हं म्हणालात."

"आणि सकाळी? सकाळी बघितलंस ना तू पेंढी?"

"बघितली. बोलायला लागले, तर म्हणालात, शेतातलं तुला काय कळतंय. तरी मी परत सांगू शकले असते. नाही सांगितलं. मला आत्यांना तिसऱ्या मजल्यावर न्यायचं नाही. त्यांना दुखलं-खुपलं तर मी इथे येऊन राहीन."

प्रमोदने झटकन मान वळवली आणि बाहेर निघाला. रत्नाबाईने वाटेतच त्याचा दंड धरला. ही बाई पहारीने चिरे उचकटायची. दंड सुटला नाही.

"लाज वाटली?" तिने विचारलं. आता आवाज फक्त त्याच्यापुरता होता. "तुला जागा आठवली रं. बापाचा खिळा आठवला. जागा बरोबरच हाय तुझी, साल चुकलं."

"तू मुद्दाम पाठवलंस मला."

"शेतात पाठवलं. ज्याला ते आपलं म्हणायचंय त्याला वाट तरी ठाऊक पाहिजे. तू शोधून आणली असतीस तर मी बोचकं बांधलं होतं. जा, बघ, खाटेखाली हाय." खाटेखाली खरंच होतं, सुप्रियाने सकाळी झाडताना बघितलं होतं. "मी दिलेला शब्द मोडला नसता. पण आता कोणी मला पुरे म्हणायचं न्हाई. पुरे झालं की मी बसेन, आणि त्याला घसरली म्हणायचं न्हाई."

मग ती वळली आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाळकसाहेब, पेंढी परत द्या. प्रमोद, घरातला नारळ घे. आपल्या माडाचा, मोठा. उचलून न्यायचा तू, ठेवायचा नि फोडायचा नारायणानं. आणि सुप्रिये, चल. वरच्या कुणग्यात."

"आणि उपासना?" तुषारने गळा खाजवत विचारलं.

"उपासनेलाच तर निघालोय," रत्नाबाई म्हणाली. "क्रमातलं दुसरं गीत वाटेत म्हणू."

चाळीस माणसं, त्यांत चार तान्ही आणि एक पाळक, बांधावरून एकामागून एक निघाली. अनिल नकाशाची गुंडाळी काखेत मारून उभा राहिला, मग ऊन लागलं म्हणून ती डोक्यावर धरून तोही निघाला.

*

आंब्याखाली नारायणकाकांनी नारळ राखणदाराच्या दगडापुढे ठेवला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि फोडला. पाणी दगडावरून ओघळलं. प्रमोद पेंढी छातीशी धरून बाजूला उभा होता. लाल फीत अजून तशीच होती.

"काका, चुकलं माझं."

"चुकलां तर चुकलां. राखणदार म्हातारो झालो. जास्त रागवणा नाय." काकांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घराक ने. रत्नाबाय खाता. उघडपणान खाता, देवाक सांगान."

वरून गीत ऐकू येत होतं. सगळ्यांच्या वर एक आवाज, जुना, जरा फाटलेला, पण कडवं न सोडणारा. चर्चपाशी कोणीतरी ट्रकची रिम वाजवायला लागलं. समोरच्या डोंगरावर, खोटं कशाला सांगू, काजूच्या रानातून काहीतरी मोठं आणि काळं घाईघाईने पलीकडे उतरून गेलं.

प्रमोदने बूट काढले. आंब्याच्या बुडाशी, बापाच्या खिळ्याला नाड्यांनी टांगले. डोळ्यांवर हात धरून त्याने वर बघितलं. डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे कुणगे, सगळे पिवळे, सगळे सारखे.

"काका," त्याने विचारलं, "यातलं आमचं शेत कुठलं?"

नारायणकाकांनी खोबरं चावत हात वर केला.

"थंय," ते म्हणाले. "तुझी बायल वाकान कापता मां, थंय."